कुटाराचा ट्रॅक

साल दोन हजार आठ, दिवाळीनंतरचा आठवडा. हिंगोली जिल्ह्यात, हट्ट्याच्या अलीकडच्या एका गावात शाळेचा शिपाई सोनाजी मैदानावर उकिडवा बसून बघत होता. बाहेरून आलेली एक मुलगी गावातल्या शीतलच्या नडगीवर काडेपेटीएवढी डबी पट्ट्याने आवळत होती.

"मॅडम, ह्याच्यात काय दिसतंय?"

"पाय टेकला की हाडाला किती धक्का बसतो, ते. अन्‌ मॅडम काहून म्हणता मामा? मी सेनगावकडच्या तांड्यातली मिना."

मिना पुण्याला शिकत होती. डांबर, मुरूम, शेत, कुठे पळताना पायाला किती सोसावं लागतं, ते मोजत ती जिल्हाभर हिंडत होती.

वर्षापूर्वी शीतलच्या याच हाडाला तडा गेला होता. तिची पोलीस भरती हुकली. ती पळायची तो ट्रॅक सोनाजीनेच केला होता, खळं करतात तसा. काळी माती, मुरूम, त्यात मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार, पाणी मारून वरून फिरवलेला दगडी रूळ. हेडमास्तर व्यंकटराव तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "खळ्यावर दाणे मळतेत सोनाजी, पोरी न्हाई. मोडलास ना पाय!"

त्या दिवसापासून सोनाजीने रुळाला हात लावला नव्हता. शीतलची आई समोर दिसली की तो मागच्या गल्लीत शिरे. आज आकडे वाईट आले तर ट्रॅक उखडायचा, असं व्यंकटरावांनी ठरवूनच टाकलं होतं.

शीतल ट्रॅकवर पळाली. मग त्याच बुटांनी, त्याच वेगाने शाळेसमोरच्या डांबरी रस्त्यावर. असं चार वेळा. मिनाने डबी लॅपटॉपला जोडली.

"रस्त्यावर धक्का नऊ," ती म्हणाली. "मामांच्या ट्रॅकवर सहा."

"मशीन बिघडलं असंल," व्यंकटराव म्हणाले.

"चार बार पळवलं सर. चारी बार तेच."

सोनाजी हलला नाही. "मग लेकराचा पाय मोडला कशानं?"

"ते ही डबी सांगत न्हाई मामा."

शीतल खाली बघत पट्टा सोडत होती. "मी सांगते. भरतीची धाव रस्त्यावर असती म्हणून मी रोज पहाटे फाट्यापर्यंत डांबरावर पळायचे. नडगी ठणकायची, तरी पळायचे."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"मायनं भरतीलाच जाऊ दिलं नसतं. सर तुमाला बोलले, ते प्लास्टर निघाल्यावर कळलं मला. मग तुमाला सांगायला तोंडच व्हईना, मामा."

सोनाजी एकदम हसत सुटला. डोळे पुसले, तरी हसू थांबेना.

"पोरी, सालभर मागच्या गल्लीनं हिंडून राहिलो मी! तिथलं कुत्रं दोनदा चावलं मला!"

तो उठला आणि रुळाकडे गेला. रुळाच्या वाटेत व्यंकटरावांची मोटारसायकल उभी होती. त्यांनी ती बाजूला घेतली.

पुढच्या भरतीत शीतल निवडली गेली. ती परभणीला असते. मिना कॉलेजात शिकवू लागली. व्यंकटराव मुलाकडे नांदेडला गेले ते तिथलेच झाले. सोनाजी रिटायर झाला त्या साली मैदानात सिमेंटचे ब्लॉक बसले. रूळ तेवढा कुणाला हलवता आला नाही, म्हणून कुंपणाशी राहिला.

सोनाजी मात्र शेवटपर्यंत शीतलच्या आईच्या दारावरूनच जायचा. तिथे आला की चपला जरा जास्तच वाजवायचा. आतून हाक यायची, "थांबा भाऊ, चहा ठिवलाय."