निरोप साडेचारचा

हॉलंडमध्ये ब्रेडाला मुलीकडे, मृण्मयीकडे, मी दोन महिने राहिलो, ती २००६ सालची गोष्ट. जावई सारंग सकाळी सातच्या गाडीने आइंडहोव्हनला कामावर जाई. मृण्मयीचे ऑफिस प्रिन्सेनबेकच्या बाजूला, नव्या वेगवान रेल्वेमार्गाला लागून होते. ऑफिस कसले, एकमेकांवर रचलेले कंटेनर आणि त्यांत खिडक्या. दिवसभर घरात मी एकटाच असे. त्याची मला अडचण नव्हती. पुस्तके बरोबर नेली होती, आणि फोन सहसा वाजत नसे.

सकाळी मी त्या रेल्वेमार्गाच्या बाजूने फिरून येई. रूळ तयार होते, वरच्या तारा तयार होत्या, कुंपणे रंगवून झाली होती. फक्त गाडी नव्हती. शेजारच्या महामार्गावर मोटारी अखंड धावत आणि हे रूळ मात्र रिकामे.

असे का, ते मृण्मयीने एकदा जेवणाच्या टेबलावर समजावले. साखरेचा डबा म्हणजे हॉलंड, चहाचा डबा म्हणजे बेल्जियम आणि चमचा म्हणजे गाडी. हॉलंडच्या जुन्या मार्गांवर वीज दीड हजार व्होल्टची, बेल्जियमच्या तीन हजारांची, या नव्या मार्गावर पंचवीस हजारांची. गाडीला हे सगळे पेलायला हवे, चालकाला दोन देशांचे नियम आणि दोन भाषा यायला हव्यात, आणि नव्या गाड्या अजून कारखान्यातच होत्या. पण हे आज ना उद्या सुटेल, ती म्हणाली. मग अँटवर्प अर्ध्या तासावर येईल, पॅरिसला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल. तिचे दुखणे वेगळेच होते. या मार्गावर सिग्नलचे दिवे नाहीत. किती वेगाने जायचे आणि कुठे थांबायचे, ते संगणक रेडिओवरून कळवतो आणि चालकाला पडद्यावर दिसते. सरहद्दीवर इकडच्या संगणकाने धावती गाडी तिकडच्या संगणकाच्या स्वाधीन करायची. दोन्ही संगणक एकाच युरोपीय नियमपुस्तकावरून बनवलेले, तरी एकाचा निरोप दुसऱ्याला कळत नव्हता.

"पुस्तक एकच आहे, बाबा. पण एका ठिकाणी यांनी एक अर्थ घेतलाय आणि त्यांनी दुसरा. आणि चूक कुणाचीच नाही."

बाकीचे मला कितपत कळले कोण जाणे, पण हे कळले. मी अडतीस वर्षे पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. एका ओळीचे दोन अर्थ होतात, याची भीती मला जन्मभर वाटत आली आहे.

ती ओळ मृण्मयीने शोधून काढली होती आणि बारा पानांचे टिपण लिहिले होते. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ते ती लांबेर नावाच्या मुख्य अभियंत्यांपुढे मांडणार होती. ते ब्रसेल्सहून येणार होते. त्यांना पटले तर सरहद्दीवर चाचणी होणार होती आणि मृण्मयीचे कंत्राट वर्षभर वाढणार होते. नाही तर ते डिसेंबरअखेर संपत होते आणि तिची दोन वर्षांची मेहनत कपाटात जाणार होती. लांबेर त्यानंतर एकदम जानेवारीत येणार होते.

त्या दिवशी ऑफिसच्या गलबल्यात नको म्हणून ती घरीच तयारी करत होती. सकाळी टिपणाच्या प्रती काढायला द्यायला म्हणून सायकलने गावात गेली आणि मोबाइल टेबलावर चार्जिंगला तसाच राहिला. अकराला तो वाजू लागला. उचलू नये असे फार वाटले, पण तो थांबेना.

पलीकडे तिचे वरिष्ठ रूड होते. ते इंग्रजीत भरभर बोलले. रोझेनडालच्या पुढे गाड्यांचा काही घोटाळा आहे, लांबेरना लवकर परतावे लागेल, तेव्हा मीटिंग अलीकडे आणली आहे. "टेल हर, हाफ फोर," ते म्हणाले. मी यस, यस म्हणालो. पुन्हा विचारायचे धाडस झाले नाही. घाईत त्यांनी 'हाफ पास्ट फोर'मधला 'पास्ट' हा शब्द गिळला असावा, असे मी धरून चाललो. गळलेला शब्द भरून वाचायची सवय अडतीस वर्षांची. चिठ्ठीवर मी सुवाच्य अक्षरात लिहिले: मीटिंग पाचऐवजी साडेचार.

बाराला मृण्मयी आली. चिठ्ठी वाचून म्हणाली, चला, अर्धाच तास अलीकडे आली, फार नाही. भात खाल्ला, मला दोनदा सांगितले की चहा करून घ्या, आणि निघाली. प्रती ताब्यात घेऊन ती गावातल्या ग्रंथालयात शेवटचे वाचन करणार होती आणि तिथून परस्पर मीटिंगला जाणार होती. मोबाइल पुन्हा टेबलावरच राहिला. तिच्या डोक्यात फक्त ती बारा पाने होती.

जेवणानंतर मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. कुंपणापलीकडे शेजारच्या योसेनबाई पाने गोळा करत होत्या. वयाने माझ्याएवढ्याच. लहान मुलांच्या एका पुस्तकावरून मी डच आकडे शिकलो होतो, ते त्या माझ्याकडून म्हणवून घेत आणि हसत. त्या दिवशी म्हणाल्या की मुलगा कुंपण छाटायला येतोय, "हाल्फ द्री". द्री म्हणजे तीन. साडेतीनला येणार म्हणजे अजून तास आहे, असे काहीतरी मी बोललो. त्यांनी मान हलवली आणि मनगटावरचे घड्याळ माझ्यापुढे धरले. अडीचला दोन मिनिटे कमी होती. तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली.

हाल्फ द्री म्हणजे अडीच.

आमच्या छापखान्यात एकदा व्युत्पत्तीचे एक पुस्तक छापायला आले होते. ते तीनदा वाचल्यामुळे काही गोष्टी डोक्यात बसल्या होत्या. अडीच हा शब्द अर्धतृतीय यावरून आला. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. हे डच लोक आमच्या पूर्वजांसारखेच मोजत होते. मग अर्धा चौथा म्हणजे किती? तोही शब्द आपल्याकडे आहे. लहानपणी छडीच्या भीतीने पाठ केलेला पाढा आठवला: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. औटकी. अर्धचतुर्थ, म्हणजे औट, म्हणजे साडेतीन.

रूडनी काहीच गिळले नव्हते. ते डचमध्ये विचार करून इंग्रजीत बोलले होते. मीटिंग साडेतीनला होती.

मी आत जाऊन तिच्या मोबाइलवरून रूडना फोन लावला. काय बोलायचे ते आधी दोनदा घोकले होते. पण एक बाई रेकॉर्डवर डचमध्ये काहीतरी सांगून गप्प झाली. मग कोट घातला, मोबाइल आणि पट्ट्यांचे बसतिकीट खिशात टाकले आणि थांब्यावर गेलो. बसने मी कधी एकटा गेलो नव्हतो. किती पट्ट्यांवर शिक्का मारायचा, हे मृण्मयी बघे. बस आली तेव्हा दोन चाळीस झाले होते. चालकापुढे आख्खे तिकीट धरून मी ग्रंथालयाचा डच शब्द म्हणालो, बिब्लिओटेक. त्याने शिक्का मारला आणि उतरायचे तिथे सांगतो अशी खूण केली.

बसमध्ये बसल्यावर शंकांनी घेरले. रूड इंग्रजीत बोलले होते, तर त्यांचा हाफ फोर इंग्रजी का नसावा? एका म्हातारीच्या घड्याळावरून आणि शाळेतल्या पाढ्यावरून मी मुलीला एवढ्या महत्त्वाच्या दिवशी वाचनातून उठवणार होतो. माझ्या हातून एकदा असे झाले आहे. चौऱ्याहत्तर साली आम्ही गाड्यांचे खिशातले वेळापत्रक छापले होते. पाच चाळीसच्या जागी सहा चाळीस छापले गेले. गाडी चुकलेले एक गृहस्थ ते घेऊन छापखान्यात आले आणि त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. रागावले नाहीत. फक्त विचारले, हे तुम्ही वाचता ना? मूळ प्रत बरोबर होती. मला ती चूक वाटली म्हणून मीच सुधारली होती.

आजही तेच केले होते. पण मग मनात आले, औट खोटा ठरला तर ती तासभर आधी पोहोचेल, आणि साडेचार खोटे ठरले तर सगळेच संपेल. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या शंकेने मला पुढे ढकलले असेल.

ग्रंथालयात शिरलो तेव्हा तीनला दोन मिनिटे होती. मृण्मयी दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसली होती, पेन्सिल कानावर. मला पाहून ती दचकून उठली. तिथे मोठ्याने बोलता येईना आणि मला धाप लागली होती.

"मृणू, औट," मी म्हणालो.

"आउट? कोण आउट? बाबा, तुम्ही आलात कसे? बरं वाटतंय ना?"

"औट. औटकीतला. अडीच म्हणजे अर्धतृतीय..."

"बाबा, आत्ता व्युत्पत्ती नको."

"ते साडेचार म्हणाले नाहीत. हाफ फोर म्हणाले."

 तिने डोळे मिटले. "हाल्फ फीर," ती पुटपुटली. "देवा. तुम्ही तसंच्या तसं लिहिलं असतं ना, तर मला लगेच कळलं असतं. मराठीत साडेचार लिहिलेलं, मग मी कशाला शंका घेऊ?"

तेवढ्याच वेळात तिने पाने गोळा केली होती. मी मोबाइल पुढे केला. तो हातात घेऊन ती दोन पावले गेली, परत आली, माझ्या कोटाचे तिरके लागलेले बटण सोडून सरळ लावले आणि जिना उतरली. खिडकीतून मी तिची सायकल पुलापर्यंत पाहिली. तीन वाजून चार मिनिटे. तिथून प्रिन्सेनबेक पंचवीस मिनिटे. वारा समोरून होता.

मी तिच्याच खुर्चीवर बसलो. समोर मासिके होती, पण अक्षर लागेना. रूड डच तऱ्हेने बोलले की इंग्रजी, हे अजून मला ठाऊक नव्हते. साडेतीन झाले, पावणेचार झाले. मग परतीची बस पकडली, या खेपेला शिक्क्याची पट्टी स्वतः मोजून.

मृण्मयी सहाच्या आत आली. दारातच वाऱ्याने विस्कटलेले केस घेऊन उभी राहिली आणि काही बोलण्याआधी हसली. 

ती तीन एकोणतीसला पोहोचली होती. खोलीत सगळे जमलेले होते आणि लांबेरांची बॅग दाराशीच होती. तिला घामाघूम पाहून कुणीतरी कारण विचारले, तेव्हा तिने खरे ते सांगून टाकले. रूडना हसू आवरेना. लांबेर फ्रेंच बोलणारे. त्यांच्या भाषेत साडेतीनला तीन आणि अर्धा म्हणतात. ते रूडना म्हणाले, वीस वर्षे तुमच्या लोकांशी काम करतोय, आणि अजून दर वेळी घड्याळ बघून खात्री करून घेतो.

"मग मी म्हटलं, हेच माझं सातवं पान आहे," मृण्मयी सांगू लागली. "घड्याळ एकच. हे म्हणतात अर्धा चौथा, ते म्हणतात तीन आणि अर्धा. मध्ये दोन्ही जाणणारं कुणीतरी हवं. माझ्या वडिलांच्या भाषेत दोन्ही शब्द आहेत, म्हटलं. औट आणि साडेतीन."

"औट आता कुणी वापरत नाही गं," मी म्हणालो. राहवले नाही.

"ते मी सांगितलं नाही."

नोव्हेंबरात तीन आठवडे चाचणी ठरली होती. गाडी त्याने लगेच धावणार नव्हती. अजून कितीतरी ओळी तपासायच्या आहेत, वर्ष लागेल, दोनही लागतील, ती म्हणाली. पण त्या ओळी तीच तपासणार होती. कंत्राट वाढवायचे कागद रूडनी सोमवारपर्यंत मागवले होते. सारंग आला तेव्हा तिने त्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले, आणि मी माझी चूक दुसऱ्यांदा ऐकली. या वेळी ती तितकीशी लागली नाही. रात्री मी पोटभर जेवलो.

सोमवारी सकाळी मृण्मयी अंघोळीला गेली असताना मोबाइल पुन्हा वाजला. रूडच होते. आधी माझे आभार मानले, मग म्हणाले, तिला सांगा, उद्या हाफ टेन.

मी चिठ्ठीवर इंग्रजीत जसेच्या तसे लिहिले: हाफ टेन. खाली कंसात मराठीत लिहिले, साडेनऊ. मग घसा साफ केला.

"एक्स्क्यूज मी," मी म्हणालो. "नाइन थर्टी?"

"यस सर," ते म्हणाले. "नाइन थर्टी."

साडेनऊभोवतीचा कंस मी खोडून टाकला.