दाखवायची न्हाणी

शाळेतून निवृत्त झाल्यावर ऊई किम सेंगला एकच हौस उरली होती: टबात गळ्यापर्यंत बुडून बसायची. मलेशियात, पेनांगमधल्या त्याच्या इमारतीत टबाला परवानगी लागे. त्यानं ती मागितली नाही. नकार ऐकून मन दुखवून घेण्यापेक्षा ते बरं. आतल्या न्हाणीची फरशी उखडून, संडासाला लागूनच, त्यानं टब बसवला. फरशीखालचा पाणी अडवणारा थरही त्यासरशी निघाला. गुडघे मात्र दुखायचे थांबले.

थोड्याच दिवसांत खालच्या मजल्यावर रोकिया मकचिकच्या न्हाणीत छत ठिबकू लागलं. मकचिक म्हणजे मावशी. अख्खी इमारत त्यांना तशीच हाक मारी. त्यांनी ऑफिसात तक्रार केली.

इमारतीचा तपासनीस फैझल पूर्वी घरी येऊन, पोटावर झोपून बेसिनखाली बघायचा. आता तो ऑफिसातल्या खुर्चीतूनच, व्हिडिओ कॉलवर बघे.

"अंकल, फोन न्हाणीत न्या. जाळी बुजवा, फरशीवर निळं पाणी सोडा. खाली निळं उतरलं तर गळती तुमची."

"कुठल्या न्हाणीत?" असं किम सेंगनं विचारलं नाही. घरात दोन होत्या, फरश्या अगदी सारख्या. स्वयंपाकघराजवळची ठणठणीत होती. तिथं तांदळाचं पोतं असायचं. पोतं बाहेर आलं, निळं पाणी आत गेलं, फोन चौफेर फिरला.

"वा अंकल, काय स्वच्छता!" फैझल म्हणाला.

बायको दारात उभी होती. "जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्यास," ती म्हणाली, "हात चांगला बसलाय तुझा."

खाली निळा थेंबही उतरला नाही. फैझलनं निकाल दिला: वरचं पाणी नव्हे, एसीचं असेल.

चार दिवसांनी मकचिक वर आल्या. हातात केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, वर गूळखोबरं.

"ऊई, तुझ्यावर उगाच संशय घेतला रे. मनावर घेऊ नकोस."

"छे छे, मकचिक."

"वाटायचं, वरच्या संडासाचंच पाणी अंगावर पडतंय. नमाजाआधी वुजू करायला, हातपाय धुवायला, शेजारी जात होते. पाय चालत नाहीत, तरी. आता फैझल म्हणतो एसीचं, म्हणजे स्वच्छ. कालपासून घरीच करते. पडले दोन थेंब डोक्यावर, पडू देत!"

त्या हसल्या. किम सेंगही हसला. चेहऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. भात त्यानं खाल्ला, कारण परत करणं वाईट दिसलं असतं. त्या दिवशी तो टबात बसला नाही. पण टब भरला नाही म्हणून संडास वापरायचा थोडाच राहतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं फैझलला फोन लावला.

"ती न्हाणी दुसरी होती रे. तू ये आणि डोळ्यांनी बघ."

पलीकडे खुर्ची करकरली. मग फैझल म्हणाला, "उद्या येतो, अंकल. पण मकचिकना तुम्ही सांगा. आणि समोर जाऊन हं. व्हिडिओवर नको."

तो खाली गेला तेव्हा अजान सुरू झाली होती. मकचिक बाह्या सरसावून न्हाणीकडे निघाल्या होत्या.

"मकचिक, थांबा. ते पाणी माझंच आहे."

"कसलं?"

"टबाचं. आणि संडासाचंही."

मकचिकनी बाह्या खाली केल्या. त्यानं टबाचं, गुडघ्यांचं, फरशीचं, फैझलला दाखवलेल्या कोरड्या न्हाणीचं सगळं सांगितलं. मध्येच आपण सबबी सांगतोय हे लक्षात आलं आणि तो थांबला.

"मला ठाऊक नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नमाजाला बाध नाही. ज्याला ठाऊक होतं, त्याचं त्यानं बघावं."

"माफ करा म्हणायलाही..."

"मग म्हणू नकोस. शेजारीण आज बाहेरगावी गेलीये, आणि वेळ निघून चाललीये. तुझ्या घरात एक कोरडी न्हाणी आहे ना?"

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागल्या. किम सेंग हात पुढे करून मागून चालला. त्यांनी तो धरला नाही.

बायकोनं काही न विचारता तांदळाचं पोतं ओढून बाहेर काढलं. दार लागलं. आत नळ सुरू झाला. किम सेंग बाहेर उभा राहिला, गुडघे ठणकत असूनही. बसावं की नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.