चारशे बारा मगरी

कप्तानला मिळणार होतं ते असं: तीन वर्षं अख्खी खाडी, तिची अकरा वळणं, दोन्ही काठांची खारफुटी, पलीकडच्या बोटवाल्याचा सावलीचा धक्का, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पलीकडच्या बोटवाल्याचं उतरलेलं तोंड.

कप्तान हे नुसतं टोपणनाव. बोटीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं. टोपी मात्र होती. बोट चालवायचा त्याचा मेहुणा, तिकिटं फाडायची बायको. मग तुम्ही काय करता, असं कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, "धोरण."

त्या वर्षी वनखात्याचं पत्र आलं. या खाडीत सहलीच्या दोन बोटी जास्त होतात, पुढच्या हंगामापासून एकीलाच परवाना. जिच्या दर्शनवहीत मोठे प्राणी जास्त, ती बोट राहील. वहीत तीन रकाने: प्राणी, संख्या, पाहणाऱ्याची सही.

आता खारफुटीत दिसतं काय? चिखल दिसतो. चिखलातून वर आलेली मुळं दिसतात, खेकडे दिसतात, नशीब असेल तर एखादा खंड्या. मगर होती, पण एकच. शेपटीचं टोक तुटलेली. मेहुणा तिला म्हातारी म्हणायचा. दहा-पंधरा दिवसांतून एकदा ओहोटीला ती अंग शेकायला काठावर यायची, बाकी पर्यटनाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

"दाजी, एका म्हातारीच्या किती मगरी करायच्या?" मेहुण्याने विचारलं.

"दर वेळी तीच असते कशावरून? मी तरी रोज तोच असतो का? विचार तुझ्या ताईला."

"तेच असता," बायको तिकिटांचा गठ्ठा बांधत म्हणाली. "तोच तर वैताग आहे."

मग कप्तानने धोरण आखलं. निघण्याआधी धक्क्यावर प्रत्येकाला दोन-दोन कप चहा फुकट. तास-दीड तासाने नवव्या वळणावर इंजिन बंद. मेहुण्याने चिखलातल्या एका ओंडक्याकडे हात करून "मगर!" म्हणायचं आणि वही फिरवायची. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय बोट वळवायची नाही. बोटीवर संडास नव्हता. तो धक्क्यावर होता.

धोरण लागू पडलं. पहिल्याला मगर गरजेपोटी दिसायची, दुसऱ्याला पहिल्याला दिसली म्हणून, आणि तिसऱ्याच्या बायकोला दोन दिसायच्या, कारण शेजारणीला एक दिसली होती. दिवसाला आठ-दहा मगरी सहज पडायला लागल्या.

एका फेरीत गणिताच्या निवृत्त बाई आल्या. घरून पाण्याची बाटली आणली होती, फुकटचा चहा त्यांनी घेतला नाही. कप्तानने याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

नवव्या वळणावर वही त्यांच्यापर्यंत आली आणि थांबली.

"ते लाकूड आहे," बाई म्हणाल्या.

"अहो मावशी, शेपटी हलली की आत्ता!" पुढच्या बाकावरचे जावईबापू म्हणाले. ते सासऱ्यांना खाडी दाखवायला घेऊन आले होते आणि सासरे मघापासून मांडी घट्ट आवळून बसले होते.

"त्या शेपटीला पालवी फुटलीय."

"फुटू द्या ना! तुमच्या एका सहीपायी आठ माणसं उन्हात अडकलीत. सासरेबुवांना शुगर आहे, त्यांना थांबवत नाही हो."

"मग सासरेबुवांनी माझ्या वाटचीही करावी."

सासरेबुवांनी खरंच वही ओढून दोनदा सही केली. बाईंनी एक खोडायला लावली. शेवटी मेहुण्याने हात जोडले आणि इंजिन चालू केलं.

परतताना तिसऱ्या वळणावर, डाव्या काठाला, म्हातारी पडली होती. अख्खीच्या अख्खी, जबडा उघडा टाकून. मेहुण्याला इतका आनंद झाला की तो बोट थांबवून ओरडला, "मगर! खरी मगर!"

कोणी मान वळवली नाही. सगळ्यांचं लक्ष धक्क्यावरच्या संडासाच्या दाराकडे लागलं होतं.

"झाली की बघून मघाशी," जावईबापू ओरडले. "तुम्ही बोट घ्या हो पुढं!"

बाईंनी चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि हात पुढे केला. "आता द्या ती वही." त्यांनी लिहिलं: मगर, एक. शेपटीचं टोक तुटलेलं. नवव्या वळणावर होतं ते लाकूड. खाली ठसठशीत सही.

कप्तानने ते पान पाहिलं आणि फाडायलाच निघाला.

"अहो, पानांना आकडे आहेत," बायकोने वही काढून घेतली. "एक पान गेलं की वही बाद."

हंगाम संपला तेव्हा बेरीज झाली चारशे बारा मगरी. पलीकडच्याच्या वहीत खेकडे असंख्य, खंड्या एकोणीस, मगर एक. तो चहा पाजत नसे.

वनखात्याच्या खोलीत साहेब पान उलटत होते. "चारशे बारा?"

"सह्या आहेत, साहेब."

साहेबांचा हात एका पानावर थांबला. साहेबांनी बाईंची नोंद दोनदा वाचली.

"या कोण?"

"त्या जरा विक्षिप्त आहेत, साहेब."

"विक्षिप्त कसल्या? तुमच्या बोटीवर लाकडाला लाकूड लिहितात, हे दिसतंय की. मला आधी शंकाच होती. पण इतकी कडक तपासणी असेल, तर उरलेल्या चारशे अकराही पारखून घेतलेल्याच असणार." आणि त्यांनी शिक्का हाणला.

कप्तानने त्याच दिवशी नवी टोपी शिवायला टाकली आणि पलीकडच्याच्या धक्क्यावर जाऊन, त्याच्या डोळ्यांदेखत, टेपने सावली मोजून घेतली.

आठव्या दिवशी पत्र आलं. ज्या खाडीत चारशे बारा मगरी नांदतात तिथे प्रवासी नेणं म्हणजे जिवाशी खेळ. सबब खाडी तीन वर्षं बंद, दोन्ही बोटींचे परवाने रद्द.

कप्तान धापा टाकत साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, एकच आहे हो! म्हातारी आहे, दातही धड नसतील!"

"म्हणजे वही खोटी?" साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "खोट्या नोंदीला बोट जप्त होते. देता लिहून?"

कप्तानने पेनाकडे पाहिलं. "नाही साहेब. आहेत. भरपूर आहेत."

"चारशे बारा?"

"आतापर्यंत वाढल्याही असतील."

आता कोणाच्या पदरात काय पडलं ते बघा. मेहुण्याला खात्यात नोकरी लागली, मगरी मोजायची. पहिल्या महिन्याला त्याने अहवाल दिला: एक. साहेबांनी वर शेरा मारला, उरलेल्या शोधाव्यात. म्हणजे तीन वर्षं तरी त्याला धोका नाही. बाईंनी एक तिकीट काढलं, एक मगर पाहिली; त्यांचा हिशेब चोख. अख्खी खाडी, अकरा वळणं आणि दोन्ही काठ म्हातारीला मिळाले, तेही सही न करता. कप्तान नवी टोपी घालून घरात बसतो. बोट त्याची वाचली आणि मेहुण्याच्या पगारात घर चालतं. मनात धरलेल्यांपैकी त्याला एकच गोष्ट मिळाली, पलीकडच्याचं उतरलेलं तोंड.

त्या पलीकडच्याला मात्र मेहुणा नव्हता. त्याने बोट विकली. त्याच्या वहीत मगर एकच होती, आणि ती त्याने खरी पाहिली होती.