योलेचं डावं घड्याळ

त्या काळी ग्रां प्री मोटार शर्यतींतल्या छोट्या संघांत फेऱ्यांची वेळ घ्यायचं काम बायकांकडे असायचं. आमच्याकडे ते माझी बायको योले करायची. शर्यतीत गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या पिटच्या भिंतीपाशी घडीचं स्टूल, मांडीवर लाकडी फळी, फळीवर दोन स्टॉपवॉच. डावं आमच्या चौतीस नंबरच्या गाडीसाठी. उजवं, जी गाडी आमच्याशी शेवटच्या जागेसाठी झगडत असेल तिच्यासाठी.

गाडी आम्ही इटलीत, फाएन्झाला, एजिस्तोच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये बांधली होती. एजिस्तो मालक, मी मेकॅनिक, लोरिस चालक. त्या मोसमात नऊ ठिकाणी गेलो आणि सहा ठिकाणी पात्रता फेरीतच बाहेर पडलो. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात, झेल्टवेगच्या शर्यतीत मात्र अकरावे आलो. लोरिसनं रेषा ओलांडली, योलेनं डावं घड्याळ थांबवलं आणि मला सगळ्यांसमोर मिठी मारली.

पुढच्या गुरुवारी ती अंगणात कपडे वाळत घालताना पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

तीन आठवड्यांनी मोन्झाची शर्यत होती. एजिस्तोनं आधीच सांगून ठेवलं होतं, "इथे शर्यतीत उतरलो तर पुढचा मोसम. नाहीतर गाडी विकली."

शनिवारी दुपारी पात्रतेचं शेवटचं सत्र. पहिल्या सव्वीस गाड्या शर्यतीत जाणार.

"काय बेकरीवाले, आज पाव जाळू नका," एजिस्तो म्हणाला. लोरिसच्या वडिलांची बेकरी होती.

"तुमचा ट्रॅक्टर चालला तर भाजतो की!" लोरिस हेल्मेट चढवत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "नेवियोकाका, जमेल ना?"

"जमेल," मी म्हणालो आणि योलेच्या स्टुलावर बसलो.

डाव्या घड्याळाचा काटा तिनं थांबवला होता तिथेच होता. एक मिनिट, एक्केचाळीस सेकंद, सहा दशांश. वरचं बटण दाबलं की काटा शून्यावर जाणार. मी अंगठा ठेवला आणि काढून घेतला.

आमच्या गाडीची वेळ मी उजव्या घड्याळावर घेतली.

लोरिस छान चालवत होता. आम्ही सव्विसावे झालो. मागे एकच गाडी होती, एकोणतीस नंबरची. ती अजून फेऱ्या मारत होती, पण तिच्यासाठी माझ्याकडे घड्याळ उरलं नव्हतं. नुसत्या डोळ्यांना ती हळू वाटली. अधिकृत कागद सत्र संपल्यावर यायचा. इंजिन एकच होतं आणि ते उद्यापर्यंत पुरवायचं होतं. मी फलक दाखवला : सव्वीस, आत ये.

लोरिस आत आला. सत्राची सहा मिनिटं शिल्लक होती.

कागद आला तेव्हा आम्ही सत्ताविसावे होतो. एकोणतीस नंबरनं शेवटच्या फेरीत आम्हाला एक दशांशानं मागे टाकलं होतं.

"अरे, त्याची वेळ घेतली नव्हतीस?" एजिस्तो ओरडला. "हे डावं काय शोभेला आहे?" त्यानं फळी उचलली. त्याचा अंगठा बटणावर गेला.

"नको!" मी म्हणालो.

त्यानं काटा पाहिला. फळी हळूच माझ्या मांडीवर परत ठेवली. "कोणी विचारलं तर इंजिन गेलं म्हणून सांगायचं," म्हणाला आणि गाडी ट्रकवर चढवायला गेला.

खरं काय झालं ते लोरिसला ट्रकमध्ये मीच सांगितलं. त्याला शिव्या देण्याचा हक्क होता. त्यानं वाकून डाव्या घड्याळाचा काटा पाहिला.

"झेल्टवेगची माझी शेवटची फेरी," तो म्हणाला.

"तिची," मी म्हणालो.

"काकू असती तर हीच फळी तुमच्या डोक्यात घातली असती."

"घातली असती."

गाडी ऑक्टोबरात विकली गेली. लोरिसला पुन्हा कुणी ग्रां प्रीची गाडी दिली नाही. तो बेकरीत बसतो, मी पाव त्याच्याकडूनच आणतो. त्या दिवसाचा विषय आम्ही कधी काढत नाही.

पण त्या संध्याकाळी रस्ता खराब होता आणि ट्रक आदळत होता. लोरिसनं माझ्या हातातून फळी घेतली आणि बटणाला कशाचा धक्का लागू नये म्हणून फाएन्झापर्यंत दोन्ही हातांनी वर धरून बसला.