थोरलीची सही

"धाकटीच्या पोराला जे दिलंत, तेच माझ्या पोरीला द्या. आठवड्याला तीन तास. एक मिनिट कमी चालायचं नाही," थोरली म्हणाली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. टेबलावर पोरीची यंदाची योजना होती. ज्या मुलांना इतरांसारखं शिकणं जमत नाही, त्यांना शाळा काय मदत करणार, ते दरवर्षी आईबापांशी बोलून त्यात लिहायचं. पोरीच्या वह्या कायम अर्ध्याच राहायच्या, म्हणून तिचं नाव त्यात आलं होतं. थोरलीने आजवर चार योजनांवर सह्या केल्या होत्या, एकही न वाचता. बाई शिकलेल्या, आपण कपडे शिवणारी माणसं, मध्ये तोंड कशाला घाला.

तिची धाकटी जाऊ मात्र तोंड घालणारी. तिचा पोरगा बोलताना अडखळायचा. तिने नियम शोधून काढले, तीनदा सही नाकारली आणि नीट बोलायला शिकवणारा वाचाशिक्षक आठवड्याला तीन तास पदरात पाडून घेतला. आता पोरगा घरातला फोन उचलतो. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "धाकटीने पोरासाठी जिवाचं रान केलं हो." ते ऐकून थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोला, जळत होती ती. पोरगा तिचाही लाडका, पण तो एखादं वाक्य सरळ बोलला की तिच्या पोटात दुखायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

"अहो, पण तो वाचाशिक्षक आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला त्याचा काय उपयोग?"

"धाकटी भांडते म्हणून तिला सगळं, आणि मी मुकाट सही करते म्हणून मला ठेंगा?"

"आई," शेजारी बसलेली अकरा वर्षांची पोर हळूच म्हणाली, "मला बोलता येतं."

येत होतंच. घरात तिची टकळी बंद करता करता नाकी नऊ यायचे. बाईंना हसू आवरेना. थोरलीचे कान तापले.

"मग तुला काय हवंय ते तूच सांग बाई," ती वैतागून म्हणाली.

"फळ्यावरचं माझं उतरवून होत नाही. हात दुखतो, मग बोटं वळत नाहीत. तोवर फळा पुसतात. मला ते छापून द्या. आणि परीक्षा तोंडी घ्या. उत्तरं येतात मला सगळी."

बाईंचं हसू मावळलं. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"आईला सांगितलं होतं. दुसरीत."

थोरलीला आठवलं. गिऱ्हाईक दारात उभं होतं, मशीन चालू होतं. मान वर न करता ती म्हणाली होती, "आळस सोड, हात भराभर चालव."

बाईंनी पोरीचं म्हणणं योजनेत लिहून घेतलं आणि कागद पुढे केले. "करा सही."

"वाचते आधी," थोरली म्हणाली. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचत गेली. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. 'पालकांचे मत: मुलगी आळशी आहे.'

"हे कोणी लिहिलं?"

"मागच्या वर्षीचं तसंच पुढे आलंय," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुमचीच सही होती खाली."

धाकटीने हे पहिल्याच दिवशी वाचलं असतं.

"काय लिहिलंय गं, आई?" पोर वाकून बघायला लागली.

"काही नाही," थोरली म्हणाली. त्या ओळीवर तळहात ठेवून तिने ती खोडायला बाईंकडे पेन मागितलं.