न वाजलेली शिट्टी

माझ्या भावाच्या टेम्पोवर 'गुलफशा साउंड' असं मोठ्या अक्षरांत रंगवलंय. गुलफशा माझी भावजय. तिला माइक आणि मुसळ यांतला फरक कळत नाही, पण नाव तिचं आणि कान माझे. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

हा भाऊ, वाजिदभाई, भोरमधून आसपासच्या कार्यक्रमांना स्पीकर, माइक पुरवतो. दुपारी हॉल रिकामा असतो तेव्हा मीही टेम्पोतून जाते. तो मिक्सरवर बसतो, मी हॉलभर फिरून सांगते: डावा स्पीकर घरघरतोय, या कोपऱ्यात आवाज घुमतोय, हा माइक शिट्टी मारणार. स्पीकरमधून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरला की जी किंचाळी उठते, ती शिट्टी. लोकांना ती उठल्यावर ऐकू येते. मला आधीच तिची बारीक गुणगुण लागते, दूध उतू जायच्या आधी पातेलं बोलतं तशी.

लोक यायला लागले की भाई मला एसटीत बसवून देतो. नऊ वर्षं असंच चाललंय. शेकडो गाण्यांचं ध्रुवपद मी ऐकलं, शेवट एकाचाही नाही. अम्मी म्हणते, मोबाईलवर ऐक की. पण समोर माणूस गातो तेव्हा त्याचा श्वास ऐकू येतो, आणि आजूबाजूची माणसंही गप्प होऊन तोच श्वास ऐकत असतात म्हणे. मला त्या माणसांत एकदा बसायचं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर 'ऑटिझम' लिहून दिलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. अम्मीनं त्यांना विचारलं, "गोळ्या कवापस्तोर घ्यायच्या?" गोळ्या नव्हत्याच. गर्दी, टाळ्या, कुणी अचानक हात लावणं मला सोसत नाही. आणि गाणं मला जिवापाड आवडतं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईत असू शकतात, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही.

त्या रविवारी शिवऱ्याला हायवेलगतच्या मंगल कार्यालयात एका पतसंस्थेचा वर्धापनदिन होता. चार वाजता गाणं. गाणाऱ्या प्रेरणाताई पासलीच्या शाळेत शिकवतात, गाणी स्वतःच करतात. माइक तपासायला त्यांनी भातलावणीचं एक गाणं घेतलं. चिखलात वाकून रोप लावणारी बाई विचारते, बांधावरनं मला हाक कोण मारतंय? एवढं म्हणून त्या थांबल्या.

मी विचारलं, "कोण मारतंय?"

त्या हसल्या. "शेवटच्या कडव्यात कळतं. थांबा की कार्यक्रमाला."

मला थांबा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी थेट भाईकडे गेले. त्यानं वायर गुंडाळता गुंडाळता मान हलवली, मग माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला.

"येकदाच. काय इपरीत झालं, तर पुन्हा नाव काडायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मी शब्दाची पक्की आहे.

स्टेजजवळच्या भिंतीकडेची खुर्ची मी धरली, शेजारी दार. कानांत कापूस घातला. चारचा कार्यक्रम पावणेपाचला सुरू झाला, आणि तोही सत्कारानं. आपल्याकडे गाण्याआधी नारळ जास्त होतात. अध्यक्ष सोमनाथराव एकेक नाव घेत होते, शाल, श्रीफळ, टाळ्या, पुन्हा शाल. सतरा जणांचा सत्कार झाला. प्रत्येक टाळीला अंगावर कुणी मूठभर खडे मारावेत तसं होत होतं. मी भिंतीला पाठ दाबून, दात आवळून बसले, पण उठले नाही. मला माझं कौतुक वाटलं. दुसरं कोण करणार?

मग प्रेरणाताई तेच भातलावणीचं गाणं गायला लागल्या. सगळा हॉल गप्प झाला. लोक सांगतात ते खरं होतं. तीनशे माणसं एका बाईचा श्वास ऐकत होती आणि त्यांत मी होते. मी कानांतला कापूस काढला. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे बघून मान डोलावली, मीही डोलावली. असं मला कुणाबरोबर कधी जमलं नव्हतं.

दुसरं कडवं संपता संपता गुणगुण लागली.

सत्काराच्या गडबडीत कुणीतरी माइकचा स्टँड सरकवला होता. त्याचं तोंड आता बाजूच्या स्पीकरकडे होतं. शेवटच्या कडव्यात आवाज चढणार, आणि चढला की शिट्टी वाजणार. भाई पार मागे मिक्सरवर होता, मधे सगळी माणसं. मी हात हलवला. त्याला वाटलं मी मजेत आहे, त्यानंही हात हलवला. फोन लावला तर तो उचलेना. गुणगुण जाड होत चालली होती. काही झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही, हे मला पाठ होतं. तरीही गाणं फाटणार आणि मी नुसती ऐकत बसणार, हे मला जमलं नसतं.

मी स्टेजवर चढले. माइकचा स्टँड वीतभर उजवीकडे फिरवला. गुणगुण थांबली.

गाणंही थांबलं. तबलजीचा हात वरच राहिला. कुणीतरी खी खी हसलं, मग पुष्कळ जण हसले, मोबाईल वर झाले. प्रेरणाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला म्हणायचं होतं, शिट्टी येत होती. पण एवढे डोळे अंगावर असले की माझे शब्द घशातून वर येत नाहीत. तेवढ्यात भाई धावत आला. त्यानं माझा दंड धरला आणि माइकसमोर वाकून म्हणाला, "माफ करा मंडळी. बहीण हाये माझी. तिला कळत न्हाई."

ते वाक्य अगदी स्वच्छ, कुठेही न घुमता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मला टेम्पोत बसवून तो परत आत गेला. शेवटचं कडवं सुरू झाल्याचं कळलं, पण हायवेवरचे ट्रक एकामागून एक जात होते आणि शब्द काही लागले नाहीत. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. त्या बराच वेळ चालल्या.

सामान भरून भाई गाडीत बसला तेव्हा खुशीत होता. कामथडी मागे पडल्यावर मी विचारलं, "हाक कोण मारत होतं?"

"कुनाची हाक?"

"गाण्यात. शेवटी."

"आता ते कुठं ध्यानात ऱ्हातंय. चांगलं हुतं की." मग त्याला आठवलं आणि तो माझ्याकडे वळला. "अध्यक्ष काय म्हनले ठावं हाय? वाजिदभाई, असा साउंड शिवऱ्यात झाला न्हाई. येकदाबी शिट्टी न्हाई वाजली!"

"वाजणार होती. म्हणून मी माइक फिरवला."

"वाजली का पर?"

"नाही."

"मंग?"

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. मी थांबवलेली शिट्टी त्याला कशी ऐकवायची? त्या हॉलमध्ये ती फक्त मी ऐकली होती. रडू आलं, ते मी आवाज न करता रडले.

भाईला दिसलं असावं. तो मायेनंच म्हणाला, कारण माणूस वाईट नाही. "जाऊ दे गं. नको मनाला लावून घिऊ. आता पयल्यासारखं दुपारचं येत जा, मी एसटीत बशीवतो. तेवढं येक सोडलं, तर आज समदं लई झ्याक झालं."

कापूरहोळला त्यानं गाडी भोरकडे वळवली.