अध्यक्षांचा पंखा आणि माझी बदनामी

मित्रांनो, या जगात जे काही एकमेकांशी जोडलेले आहे, ते माझ्यासारख्यांनी जोडलेले आहे. आम्ही नसतो तर ज्ञान एका खोलीत, विज्ञान दुसऱ्या खोलीत आणि माणूस अंगणात उभा राहिला असता. निदान इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला जी एक शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था आहे, तिचा प्रिंटर आणि माउस तरी मीच जोडला होता.

मी एक जुना यूएसबी हब आहे. तुमच्या कंपासपेटीच्या निम्मा, रंगाने काळा, शेपटी एक, तोंडे चार. शेपटी लॅपटॉपला लावायची आणि तोंडांत बाकीची यंत्रे. माझा जन्म कुठे झाला ते पाठीवरच्या चिठ्ठीत लिहिले होते. ती चिठ्ठी पहिल्याच उन्हाळ्यात निघून पडली, त्यामुळे मी कुळाचा अभिमान बाळगत नाही.

संस्थेचा संगणक मंजू चालवते. तिच्या लॅपटॉपला मुळात दोनच तोंडे. त्यातले एक अध्यक्ष टिकारामजींनी पेनड्राइव्ह उलटा खुपसून कायमचे बंद केले. "जात काऊन नाही म्हणते?" असे विचारत त्यांनी तो तळहाताने ठोकला होता. उरलेल्या एका तोंडात कधी प्रिंटर, कधी स्कॅनर, कधी माउस. मंजूचा अर्धा दिवस खुपसण्यात आणि उपसण्यात जायचा. शेवटी ती गोंदियाला गेली. दुकानदाराने मला काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "ले जाओ मैडम, एक के चार हो जाएँगे." मी तिच्या डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या शेजारी बसून गावात आलो.

पहिली दोन वर्षे सुखाची गेली. कोणी काम लवकर झाल्याचे कौतुक केले की मंजू माझ्याकडे बोट दाखवायची, "हा आहे म्हणून मी आहे जी!" दसऱ्याला तिने लॅपटॉपला झेंडूचा हार घातला आणि मला कुंकू लावले. कुंकवाचा एक कण माझ्या तिसऱ्या तोंडात गेला. तो मी जिवापाड जपला. सन्मान काय रोज मिळतो?

मग पंखा आला.

टिकारामजींना कुठल्याशा सत्कारात टेबलावर ठेवायचा छोटा पंखा मिळाला होता. कार्यालयाच्या छताला पंखा होता, पण तो सगळ्यांसाठी फिरायचा. हा फक्त अध्यक्षांसाठी फिरणार होता. त्याची वायर माझ्या चौथ्या तोंडात बसली. मित्रांनो, लॅपटॉप मला जेवढी वीज देतो, तेवढीच मी चौघांत वाटतो. पंखा एकटाच तिघांचे ताट जेवायचा. माउस अडखळू लागला. स्कॅनर मध्येच डोळे मिटू लागला. मला चार तोंडे आहेत, पण एकही बोलायचे नाही.

एप्रिल उजाडला. उन्हाळी धानाला शेवटच्या पाण्याची पाळी हवी होती. तिचा अर्ज ऑनलाइन भरायचा, वर अध्यक्षांची डिजिटल सही करायची, आणि मुदत त्या दिवशी दुपारी बारापर्यंत. सहीचा डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी सहीची किल्ली, स्कॅनर काढून माझ्या तिसऱ्या तोंडात लावला होता. समोरच्या बाकावर शालीकरामजी बसले होते. त्यांचे शेत कालव्याच्या अगदी टोकाला, सगळ्यांचे पाणी पिऊन झाल्यावर त्यांचे. अर्ज गेला नाही तर त्यांचे धान पोटरीतच, लोंबी बाहेर येण्याआधीच वाळणार होते.

साडेअकराला मंजूने सहीचे बटण दाबले. पडद्यावर आले, डोंगल सापडत नाही. तिने तो काढला, पुसला, परत लावला. सापडत नाही.

"काऊन वो मंजू, बारा वाजाले आले," शालीकरामजी म्हणाले. "माया धानाच्या बांध्या फाटून राहिल्या."

"होऊन राहिलं जी, थोडा दम धरा."

मंजूने पंख्याकडे पाहिले. शेजारच्या खुर्चीत टिकारामजींच्या तोंडासमोर पंखा भरभर फिरत होता. तिने हळूच म्हटले, "साहेब, हा पंखा दोन मिनिटं..."

"पंख्याचा का संबंध?" टिकारामजी म्हणाले. "पंखा तं चांगला चालून राहिला! जे चालत नाही ते पाह्य."

मंजूने पंख्याकडे नेलेला हात मागे घेतला. तिला कळले होते. मला कळले होते की तिला कळले आहे. मी वाट पाहत होतो. दोन वर्षांची सोबत, झेंडू, कुंकू... ती म्हणाली, "हबच गेला वाटते, साहेब."

टिकारामजींनी माझी शेपटी धरून मला उपसले. पंखाही थांबला, पण तिकडे कोणी लक्ष दिले नाही. डोंगल थेट लॅपटॉपला लागला. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी सही झाली, अर्ज गेला. शालीकरामजींनी डोळे पुसले. अध्यक्षांनी घाम पुसला आणि म्हणाले, "पाहिलं? रोग कुठं होता?"

मंजूने सामानाच्या वहीत लिहिले, 'हब नादुरुस्त.' मी ड्रॉवरमध्ये गेलो. तो पुरता लागत नाही, त्यामुळे पुढचे सगळे मला फटीतून दिसले.

दुसऱ्या दिवशी नवा हब आला. त्याच दिवशी मंजूने घरून मोबाइलचा जुना चार्जर आणला आणि कोणाच्या लक्षात येणार नाही असा पंखा भिंतीतल्या प्लगला लावला. त्यानंतर काही अडले नाही. "नवा मस्त आहे," अध्यक्ष म्हणाले.

पाचव्या दिवशी टोकापर्यंत पाणी पोचले. शालीकरामजी चिखलाच्या पायांनी आत आले आणि टेबलावरच्या नव्या हबकडे बोट करून म्हणाले, "यानंच अर्ज गेला का वो?"

मंजूने ड्रॉवरकडे पाहिले. "होय जी," म्हणाली.

संध्याकाळी तिने स्टेपलरच्या पिना घ्यायला ड्रॉवर उघडला. मला हातात घेऊन हळू आवाजात म्हणाली, "तुले माहीत आहे, मले माहीत आहे. पण मले इथं नोकरी करा लागते, बाबू." आणि ड्रॉवर लावला, म्हणजे जेवढा लागतो तेवढा.

मित्रांनो, तिच्यावर माझा राग नाही, असे मी म्हणणार होतो. पण खोटे कशाला बोलू? राग आहे. तीन माणसे खोलीत होती, आणि त्या पंख्याची वायर ओढायला एक हात पुरला असता. तुमच्या घरी कधी एखादे यंत्र अडले, तर त्याला मोडीत काढण्याआधी त्याच्या तोंडात काय काय घातले आहे ते मोजा. एकेक काढून पाहा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचे आधी काढा.

आणि कधी त्या कार्यालयात गेलात, तर ड्रॉवर उघडा. मला परत लॅपटॉपला लावू नका, वहीतली नोंदही खोडू नका. फक्त माझ्या तिसऱ्या तोंडातला तो कुंकवाचा कण टाचणीने काढून टाका. दोन वर्षे झाली, खाजतो आहे.